नवव्या पडद्यापर्यंत

कोपरगावात गाणं ऐन रंगात आलं होतं आणि माझी पहिली तार तुटली. पहिली म्हणजे गिटारची सगळ्यांत बारीक तार; गाण्याच्या मधले सगळे नखरे तिच्यावरच करायचे. टंग असा आवाज झाला, तुटलेलं टोक मनगटाला लागलं आणि माझा हात तसाच हवेत राहिला. समोर मैदानात दोन-अडीच हजार माणसं. गाण्याच्या मधे एकट्या गिटारने वाजवायचा पीस निम्मा झालेला, निम्मा बाकी.

पण पीस थांबला नाही. माझ्या डावीकडून तो पुढे चालूच राहिला. त्याच सुरात, त्याच लयीत, मधे श्वास घेण्याइतकीही जागा न सोडता. इम्मू वाजवत होता. त्याचं काम ऱ्हिदमचं, म्हणजे मागून साथ धरायची. लीड, म्हणजे मुख्य गिटार, माझं. तरी माझा पीस त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत येत होता. लोकांना काही कळलंसुद्धा नाही. टाळ्या पडल्या. आढाव मास्तरांनी अकॉर्डियनवरून त्याच्याकडे बघून मान डोलावली.

मी त्याच्या बोटांकडे बघत राहिलो. तार तुटण्याची वाट बघत बसल्यासारखा तो तयार होता. महिन्याभरात ही तिसरी वेळ. आधी राहुरी, मग शेवगाव, आता इथे. तिन्ही वेळा हाच पुढे झाला होता.

ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. नगरला आमचा ‘स्वरचांदणी’ नावाचा ऑर्केस्ट्रा होता. दत्तोबा आढाव त्याचे मालक आणि संचालक. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. वडिलांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, दिवसा तिथे बसायचो. कार्यक्रम असला की दुकान त्यांच्यावर टाकून गिटार उचलायचो. इम्मानुएल उजागरे माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठा. लहानपणापासून चर्चमध्ये गिटार वाजवून हात तयार झालेला. एका दातांच्या डॉक्टरांकडे तो कवळ्या बनवायचं काम करायचा. लग्न झालेलं, पाच वर्षांची एक मुलगी. बोलायला कमी. आम्ही एकमेकांना अरे-तुरे करायचो, त्याच्या घरी जेवायला जायचो. मार्थावहिनी मला भाऊजी म्हणायच्या.

हे सगळं नीट चाललं होतं ते मस्कतचं निघेपर्यंत. तिथल्या मराठी लोकांनी दिवाळीनंतर कार्यक्रमाला बोलावलं होतं. मास्तरांनी तालमीत सांगितलं, “सात जण जाणार. गिटारवाला एकच.”

एकच म्हणजे लीडवाला, म्हणजे मी, असं मी धरून चाललो होतो. इम्मू काही बोलला नाही. त्याच्या त्या न बोलण्याचं मला तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. तारा तुटायला लागल्यावर वाटायला लागलं.

कोपरगावहून आल्यावर दुसऱ्या दिवशी दुकानात बसून मी तुटलेल्या तारेचा तुकडा घड्याळाच्या भिंगाखाली धरला. टोकाजवळ, तारेच्या फक्त खालच्या अंगाला, चकचकीत खाच होती. तार ताणून तुटली असती तर टोक निमुळतं झालं असतं. हे निमुळतं नव्हतं. एका बाजूने काहीतरी खात गेलं होतं आणि उरलेलं एवढंसं तुटलं होतं.

“हे काय वाटतं?” मी वडिलांना विचारलं.

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. “घासलंय कशाने तरी.”

“कानशीने?”

“कानशीनेही होईल.” त्यांनी तुकडा परत दिला. “का रे?”

कानस म्हटल्यावर मला एकच माणूस आठवला. कवळ्यांच्या कडा साफ करायच्या बारीक कानशी इम्मूच्या पिशवीत कायम असायच्या. काड्यापेटीतल्या काडीएवढ्या. आमच्यातल्या कुणाचं काही अडलं, माईकचा स्क्रू बसेना किंवा ढोलकीची कडी सरकेना, की तोच कानस काढून घासून द्यायचा.

आता त्याआधीचं थोडं सांगायला हवं. गिटारच्या दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात. तार त्यांच्यावर दाबली की सूर बदलतो. दुकानदार त्यांना फ्रेट म्हणतात. मास्तर सतारीच्या सवयीने पडदे म्हणायचे, म्हणून आमच्यात सगळेच पडदे म्हणत. जूनमध्ये मी पुण्याच्या एका कारागिराकडून माझ्या गिटारचे सगळे पडदे बदलून आणले होते. पूर्वीचे बारीक आणि बुटके होते. मुंबईच्या एका वादकाचे मी पाहिले, चांगले उंच आणि जाड. त्यांच्यावर तार बोटाने आडवी ओढली की सूर रडल्यासारखा वर चढायचा. मला तसंच हवं होतं. ओढायला सोपं जावं म्हणून ताराही सगळ्यांत बारीक घेतल्या, आठ नंबरच्या.

गिटार आणली त्या दिवशी इम्मूने ती मांडीवर घेतली होती. वाजवली नाही. अंगठ्याचं नख एकेका पडद्यावरून फिरवत राहिला.

“जया, काम अर्धं सोडलंय रे त्याने,” तो म्हणाला. “माथे सपाट आहेत. गोल करायला हवे होते. कडा लागतायत हाताला.”

“नवीन आहेत. बसतील.”

“बसतील, पण तारांना खातील. पडदा एवढा उंच, त्यात तू दाबतोस जोरात, त्यात आडवं ओढणार. आठच्या तारा नाही टिकायच्या. दहाच्या लाव.”

“दहाच्या ओढायला बैल जोडावा लागेल.”

“मग मला दे एक दिवस. मी माथे घासून देतो.”

“कवळ्या नाहीत त्या,” मी म्हणालो. सगळे हसले. तोही हसला. पुन्हा एकदा, पुढच्या आठवड्यात, त्याने तोच विषय काढला तेव्हा मी त्याला सरळ सांगितलं, “तू तुझ्या गिटारचं बघ.” त्याची गिटार जुनी होती. पडदे झिजून पातळ झालेले, तारा जाड. वर्षभर एक तार तुटायची नाही त्याची. मला वाटलं, माझ्या नव्या पडद्यांचं त्याला सलतंय.

आता भिंगातून ती खाच बघितल्यावर हे सगळं मला वेगळंच दिसायला लागलं. तारा टिकणार नाहीत असं त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणजे तुटल्या की कुणी त्याच्यावर संशय घ्यायला नको. आणि माझे पीस तो कधी बसला होता पाठ करत?

दोन दिवसांनी तालमीला गेलो. आमच्यात कुसुम जगधने म्हणून गायिका होती. ती मला जिन्यातच थांबवून म्हणाली, “कोपरगावला तुझ्या गिटारच्या पेटीपाशी इम्मू काय करत होता रे?”

“कधी?”

“चहाच्या वेळी. झाकण उघडं होतं. मला वाटलं, तूच सांगितलं असशील त्याला काहीतरी.”

मी काही सांगितलं नव्हतं.

वर गेलो तर मास्तर आणि इम्मू खिडकीपाशी उभे होते. मला “मस्कत” एवढाच शब्द ऐकू आला. मी आत आल्याबरोबर दोघंही गप्प झाले. मास्तर घाईघाईने म्हणाले, “ये ये जयवंता, सूर लावून घे.” इम्मू माझ्याकडे न बघता आपल्या खुर्चीवर जाऊन बसला.

त्या दिवसापासून मी त्याच्यावर नजर ठेवली. तो कुठे बसतो, कुणाशी बोलतो, पिशवी कुठे ठेवतो. पेटीच्या कडीला मी आईच्या शिलाईतला पांढरा दोरा बांधायला लागलो, सहज दिसू नये असा. नेवाशाच्या कार्यक्रमाला दुपारीच पोचलो होतो. सामान लावून सगळे जेवायला गेलो. परत येऊन बघतो तर दोरा तुटलेला. पेटी उघडली. गिटार जागच्या जागी होती, तारा शाबूत. पण आतल्या लाल कापडावर, दांडी टेकते तिथे, पिठासारखी करडी पूड पडली होती. मी बोटावर घेऊन उन्हात धरली. ती चमकली.

त्या संध्याकाळी तार तुटली नाही. पण मला त्याने बरं वाटायच्या ऐवजी आणखीच भीती वाटली. पुढचा कार्यक्रम संगमनेरला होता, आणि मस्कतचे आयोजक ज्यांच्यावर विसंबून होते ते त्यांचे मेव्हणे संगमनेरचेच. ते पहिल्या रांगेत बसून ऐकणार होते. मला वाटलं, हा तारा थोड्या थोड्या कमजोर करून ठेवतोय. सगळ्यांसमोर, त्या माणसासमोर तुटाव्यात म्हणून.

मी कुणालाच काही सांगितलं नाही. नव्या तारा आणल्या, निघायच्या आधी लावल्या आणि संगमनेरला दुपारी गिटार मुद्दाम ग्रीनरूममध्ये ठेवून सगळ्यांबरोबर जेवायला गेलो. ताट वाढून घेतलं. इम्मू दोन पोळ्यांवर उठला. हात धुतले आणि गेला. मी पाच मिनिटं थांबलो. मग मास्तरांना म्हणालो, “जरा माझ्याबरोबर या.”

“जेवू दे की.”

“आत्ताच या.”

माझा चेहरा बघून ते उठले. त्यांच्यामागे कुसुम आणि ढोलकीवाला पण आले. दार लोटलेलं होतं. मी ते उघडलं.

इम्मू खाली सतरंजीवर मांडी घालून बसला होता. माझी गिटार त्याच्या मांडीवर. नव्या तारा सैल करून बाजूला सारलेल्या. उजव्या हातात कानस. शेजारी फडकं आणि कसल्याशा गुलाबी लेपाची डबी. आम्हाला बघून तो दचकला, पण कानस लपवली नाही.

“हे बघा,” मी मास्तरांना म्हणालो. माझा आवाज फाटला होता. “हे बघा, कोण तोडतंय माझ्या तारा.”

“जया, ऐकून घे...”

“काय ऐकू? तिघांनी बघितलंय आत्ता.”

“मी पडद्यांचे माथे गोल करत होतो. तारांना हातसुद्धा लावला नाही. कापत असतो तर सैल कशाला केल्या असत्या?” तो मास्तरांकडे वळला. “मास्तर, याचे पडदे कच्चे आहेत. तार कडेवर घासून तुटते. मी त्याला दोनदा सांगितलं.”

“मग चोरून कशाला करत होतास?” मी ओरडलो.

“तू हात लावू दिला असतास?”

तो उठून उभा राहिला आणि गिटार माझ्यापुढे धरली. “तुझ्याकडे भिंग असतं ना कायम? आहे ना खिशात? लाव आणि बघ. हे केलेले आणि हे न केलेले. दिसेल तुला. दोन मिनिटं लागतील.”

भिंग माझ्या शर्टाच्या खिशात होतं. माझा हात तिकडे गेलाही होता. पण दारात आता चार-पाच जण जमले होते आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी चोर पकडला होता. आणि चोर मला सांगणार की आता भिंग लाव? मी त्याच्या हातातून गिटार ओढून घेतली.

“मस्कतला जायचंय तुला,” मी म्हणालो. “म्हणून हे सगळं. सरळ सांग की.”

इम्मूने मास्तरांकडे बघितलं. ते बघणं मला अजून आठवतं. तो काही मागत होता त्यांच्याकडे. मास्तरांनी नजर खाली वळवली, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “उजागरे, आज तू वाजवू नकोस. घरी जा. नंतर बोलू.”

“मास्तर, तुम्हाला तर...”

“जा म्हणतो ना.”

त्याने कानशी फडक्यात गुंडाळल्या. डबीचं झाकण लावलं. आपली गिटार उचलली. माझ्यासमोरून जाताना थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, “वरचे अजून राहिलेत.” मला वाटलं, तो काहीतरी धमकी देतोय.

संगमनेरचा कार्यक्रम छान झाला. तार तुटली नाही. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी वर येऊन माझा हात हातात घेतला. त्यानंतर दोन महिने, अकरा कार्यक्रम, माझी एकही तार तुटली नाही. ज्याला त्याला हे सांगायला मी थकलो नाही. “तो गेला आणि तारा तुटायच्या थांबल्या. याहून काय पुरावा हवा?” लोकही तेच म्हणायचे. नगरला चार ऑर्केस्ट्रे होते, सगळ्यांचे वादक एकमेकांना ओळखायचे. पंधरा दिवसांत गोष्ट सगळीकडे झाली. इम्मू कधी चौकात दिसला तर मी रस्ता ओलांडायचो. तो सायकलवरून सरळ बघत निघून जायचा.

दिवाळी झाली आणि आम्ही मस्कतला गेलो.

तिथल्या लोकांनी एक फर्माईश आधीच कळवली होती. त्या गाण्यातला गिटारचा पीस दांडीच्या वरच्या भागात, अकराव्या-बाराव्या पडद्यावर होता. आमचे नेहमीचे पीस नवव्याच्या पुढे क्वचितच जायचे. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी हॉलमध्ये तालीम ठेवली होती. मी तो पीस घोळवत बसलो होतो. तार आडवी ओढली, सूर वर चढला, पुन्हा ओढली. अर्धा तास झाला असेल. टंग. तुटलेलं टोक गालाला लागलं.

पहिला विचार काय आला सांगू? की इम्मूने इथेही कुणाला तरी फितवलंय. मी खरंच मागे वळून बघितलं. ढोलकीवाला कोपऱ्यात चहा पीत होता. पेटी रात्रभर माझ्या खाटेखाली होती. तार मी सकाळी स्वतः पाकिटातून काढून लावली होती.

मी टोक बघितलं. खालच्या अंगाला चकचकीत खाच.

मग मी खिशातून भिंग काढलं. हॉलच्या मोठ्या खिडकीपाशी गेलो, उरलेल्या तारा सैल केल्या आणि गिटार मांडीवर आडवी घेतली. पहिला पडदा बघितला. माथा गोल होता, आरशासारखा. त्यात खिडकीची चौकट दिसत होती. दुसरा तसाच. तिसरा, चौथा, पाचवा. कुठे ओरखडा नाही. घड्याळाच्या चाकाला कारागीर देतो तसा हात होता तो. सातवा, आठवा, नववा. नववा एका बाजूने गोल आणि दुसऱ्या बाजूने अर्धवट. त्याच्यावर कानशीची रेघ मधेच थांबलेली होती.

दहाव्यापासून माथे सपाट. दोन्ही कडा धारदार, नखाला लागतील अशा. अकराव्याच्या कडेवर माझ्या तारेने घासून बारीक रेघ पाडली होती. आणि कडेने तारेला खाल्लं होतं.

घड्याळं उघडणारा माणूस मी. धातू धातूवर घासला की काय होतं हे दिवसातून दहा गिऱ्हाइकांना सांगायचो. गिटार तशीच उचलून मी मास्तरांकडे गेलो.

मास्तर खोलीत दाढी करत होते. मी सगळं सांगितलं. गिटार दाखवली. त्यांनी ती हातात घेतली नाही. आरशातूनच बघितलं आणि वस्तरा पाण्यात बुडवला.

“मला वाटलंच होतं,” ते म्हणाले.

“काय वाटलं होतं?”

“त्याने तुझ्या तारा कशाला तोडाव्यात? त्याला इथे यायचंच नव्हतं. मस्कतचं ठरलं त्या आठवड्यातच मला सांगून गेला. बायकोचे दिवस भरत येतील तेव्हा, मला जमायचं नाही, जयवंताला न्या म्हणाला. तुझी गिटार तेवढी सांभाळायला हवी म्हणाला.”

“मग त्या दिवशी बोलला का नाहीत?”

मास्तरांनी गालावरचा साबण पुसला. “कार्यक्रमाला तीन तास होते, जयवंता. पाहुणे येणार होते. तुला गप्प करायला वेळ नव्हता. त्याला गप्प करायला होता.”

संध्याकाळी मी वाजवलं. फर्माईशीचं गाणं मी घेतलं नाही. का, ते मास्तरांनी विचारलं नाही.

नगरला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी इम्मूच्या घरी गेलो. दुपार होती, डॉक्टरांचा दवाखाना दुपारी बंद असायचा, तो घरी असणार हे मला माहीत होतं. मार्थावहिनींनी दार उघडलं. खांद्यावर तान्हं बाळ. मला बघून त्या बाजूला झाल्या नाहीत. आतून गुणगुणण्याचा आवाज येत होता, तो थांबला.

मी उंबऱ्याबाहेर उभा राहूनच बोललो. पडदे, नववा, दहावा, मस्कत, मास्तर. सगळं. माझं बोलून झालं तरी त्या बाळाची पाठ थोपटत राहिल्या.

“हे तुम्ही मला सांगून काय उपयोग?” त्या म्हणाल्या. भाऊजी म्हणाल्या नाहीत. “मला कुठे माहीत नव्हतं?”

“इम्मू आत आहे ना? मला त्याची माफी...”

“आहेत. ऐकलंय त्यांनी.” त्यांनी मागे वळून बघितलं नाही. “दहा वर्षं चर्चच्या मंडळीत गिटार वाजवली त्यांनी, दर रविवारी. आता कुणी नको म्हणत नाही. पण ते आले की मुलं आपापली वाद्यं उचलून जवळ घेतात. दवाखान्यात दातांचं सोनं असतं, ते आधी यांच्या टेबलावर पडलेलं असायचं. आता डॉक्टर आपल्या कपाटात ठेवतात. तेही काही बोलत नाहीत. सगळे फार चांगले वागतात.” त्यांनी दाराची कडी धरली. “ज्यांना माहीत नाही त्यांना जाऊन सांगा. आम्हाला नका सांगू.”

दार बंद झालं. मी फाटकापाशी जरा थांबलो.

त्याच संध्याकाळी मी तालमीच्या खोलीत सगळ्यांसमोर सांगितलं. मास्तरांना ठाऊक होतं हेही सांगितलं. कुसुम रडायला लागली. “मीच तुला पेटीचं बोलले होते रे,” असं म्हणत राहिली. मास्तर शांतपणे म्हणाले, “झालं तुझं बोलून? आता उद्यापासून येऊ नकोस.” मी गेलो नाही. पुढे कुठल्याच ऑर्केस्ट्रात गेलो नाही. दुसऱ्या तीन ऑर्केस्ट्रांच्या तालमींना मात्र गेलो. दारात उभं राहून तेच सांगितलं. एका ठिकाणी मला हसले. एका ठिकाणी म्हणाले, भांडण झालं असेल मास्तरांशी, म्हणून आता असं बोलतोय. मी बोललेलं पहिलं खोटं त्यांनी एका दमात खरं मानलं होतं. हे खरं कुणाच्या गळी उतरेना. मग डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि “बरं झालं सांगितलंत” एवढंच म्हणाले. पण त्यांचे कान लाल झाले होते.

राहिला रविवार.

चर्चमध्ये मी त्याआधी कधी पाऊल टाकलं नव्हतं. साडेनऊची उपासना होती. मी पाळकांना, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंना, आदल्या दिवशी भेटून विचारलं होतं. वयस्कर गृहस्थ. ते म्हणाले, “सूचना झाल्या की मी तुमचं नाव घेईन. फार लांबवू नका. आणि स्वतःबद्दल बोलू नका.”

मी शेवटच्या बाकावर बसलो. डावीकडे तिसऱ्या ओळीत इम्मूची पाठ दिसत होती. शेजारी बाळाला घेऊन वहिनी, मधे मुलगी. पुढे एक पोरगेला तरुण गिटार घेऊन बसला होता. सूचना झाल्या. कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा, कुणाचा वाढदिवस. मग पाळकांनी माझं नाव घेतलं. मी पुढे गेलो. पायांत चपला नव्हत्या. काढायच्या की नाही मला ठाऊक नव्हतं, मी दारातच काढल्या होत्या.

“मी जयवंत दरेकर,” मी म्हणालो. “इम्मानुएल उजागरे यांनी माझ्या तारा कधीही तोडल्या नाहीत. तुटायच्या त्या माझ्याच गिटारच्या पडद्यांमुळे तुटायच्या. हे ते मला सांगत होते, मी ऐकलं नाही. मग मला न सांगता ते दुरुस्त करत होते, तेव्हा मी त्यांना चोर ठरवलं. त्यांनी मला बघायला सांगितलं होतं. बघायला दोन मिनिटं लागली असती. मी बघितलं नाही. पुढे बघितलं. ते खरं बोलत होते.”

पंख्याचा आवाज येत होता. बायकांच्या बाजूला एकीने दुसरीच्या कानात काहीतरी सांगितलं. गिटारवाल्या पोराने मान खाली घातली. इम्मू समोर भिंतीकडे बघत होता, माझ्याकडे नाही. त्याच्या मुलीने, रिबकाने, त्याची बाही ओढली आणि लहान मुलं विचारतात तसं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “पप्पा, हेच का ते?”

“हो,” इम्मू म्हणाला. “हेच. गप्प बस आता.”

पाळकांनी गीताचा क्रमांक सांगितला. बाकं सरकली, सगळे उभे राहिले, हार्मोनियमचा सूर लागला. मी पुढेच उभा होतो. कुणी मला बस म्हणालं नाही, जा असंही म्हणालं नाही. गीत चांगलं लांबलचक होतं. ते संपेपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.